केंजळगडावरनं चारी बाजूंचा पॅनोरामा: स्काऊटच्या पोरांकडनं कसा काढून घ्यावा?

खाकी_स्कार्फ:

नमस्कार मंडळी. मी वाई तालुक्यातल्या एका हायस्कूलला शिकवतो, शाळेचं स्काऊट पथक माझ्याकडं आहे. तीन टोळ्या, बावीस पोरं, आठवी-नववीची. दरवर्षी डिसेंबरात आम्ही दोन दिवसांचा ट्रेक करतो, ज्याची सॅक त्यानंच उचलायची, शिधा टोळीत वाटून घ्यायचा, चूल पोरांनीच पेटवायची. मागच्या साली खावलीकडनं केंजळगड केला, गडाखालच्या वाडीत देवळात मुक्काम, सकाळी गड आणि मग खिंडीत उतरून रायरेश्वर.

कातळात कोरलेल्या त्या पायऱ्या चढून माथ्यावर गेलो आणि पोरं एकदम गप्पच झाली. खाली धोम धरणाचं पाणी, पलीकडं कमळगड, लांबवर पाचगणीचं पठार, मागं वळलं की रायरेश्वर, उत्तरेला डोंगरामागं डोंगर. एक पोरगा आहे, त्याचं घर धोमच्या काठालाच, तो म्हणला सर हे सगळं एका फोटोत येतं का, आजीला दाखवायचंय. आजीचं जुनं गाव धरणात गेलंय आणि तिला आता गुडघ्यामुळं अंगणापलीकडं जाता येत नाही. मी म्हणलं येतंय की, आणि मोबाईलमध्ये पॅनोरामा मोड लावून गोल फिरलो.

फोटो बिघडला. आभाळात उभे पट्टे आलेत, एक फिकट एक गडद. धोमचं पाणी सपाट असायला पाहिजे तर ते मधे फुगून धनुष्यासारखं वाकलंय. रायरेश्वराची कड एका जागी तुटून वर-खाली झालीय. कडेला उभ्या असलेल्या टोळीनायकाची सॅक अर्धीच आलीय. तरी हौसेनं आठ फुटी फ्लेक्स करायला टाकला, फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि आला तो इतका धुरकट की गड कुठला आणि ढग कुठला कळेना. व्हरांड्यात लावायचा होता, तो गुंडाळून कपाटावर ठेवलाय. आजीला काही दाखवता आलं नाही आणि ते माझ्या मनाला लागून राहिलंय.

यंदा परत तिथंच चाललोय. शाळेकडं एक जुना डीएसएलआर आहे, १८-५५ ची साधी लेन्स, शिवाय माझा मोबाईल. ट्रायपॉड दीड किलोचा आहे, पोरांच्या पाठीवर आधीच वजन आहे, म्हणून तो न्यावा का कळेना. किती वाजता काढावा, किती फोटो काढावेत, जोडायचे कशात? आणि मुख्य म्हणजे फोटो मी एकट्यानं काढायचा नाहीये, पोरांनी काढला पाहिजे, शिकत शिकत. कुणी केलंय का असं?


सह्यभटका_सातारा:

सर, तुमच्या फोटोत जे जे बिघडलंय त्या प्रत्येकाला वेगळं कारण आहे, ते समजलं की निम्मं काम झालं.

पट्टे का आले तर कॅमेरा प्रत्येक तुकड्याला उजेड नव्यानं मोजतो. दक्षिणेला ऊन आणि पाण्याची चमक, तिथं तो फोटो गडद करतो, उत्तरेकडं वळला की उजळ करतो, आणि जोडताना आभाळाला ठिगळं दिसतात. म्हणून ऑटो सगळं बंद करायचं. डीएसएलआर मॅन्युअलवर टाका, एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), आयएसओ १०० (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो ते), शटर (किती वेळ उघडं ते) उजेड बघून, डिसेंबरातल्या स्वच्छ सकाळी १/२५० च्या आसपास बसेल. शटर ठरवताना सगळ्यात उजळ दिशेकडं बघून ठरवा म्हणजे ढगातलं पांढरं फुटणार नाही, सावलीतलं नंतर थोडं उजळता येतं पण जळलेलं आभाळ परत आणता येत नाही. व्हाईट बॅलन्स पण ऊन या खुणेवर कायम ठेवा, ऑटोवर ठेवलात तर एक तुकडा निळसर आणि एक पिवळसर येतो. फोकस एकदा लांबच्या डोंगरावर धरून घ्या आणि लेन्सचं बटण मॅन्युअलला सरकवा. झूम १८ वर, त्याला परत हात लावायचा नाही, पोरं नकळत फिरवतात म्हणून मी तर रिंगवर चिकटपट्टी मारतो.

पाणी वाकलं कारण कॅमेरा खाली झुकलेला होता. आपण गडावर उभे, बघायचंय खालचं धरण, त्यामुळं हात आपोआप खाली कलतो. कॅमेरा क्षितिजाला समांतर ठेवून फिरलं की वाकत नाही. धरण खाली राहतं म्हणून फोटो उभे काढायचे, म्हणजे वर-खाली भरपूर जागा मिळते, नको ते नंतर कापता येतं.

आणि कड तुटली, सॅक अर्धी आली, ते वेगळं. आपण मोबाईल हातभर लांब धरून स्वतःभोवती फिरतो, म्हणजे लेन्स एका मोठ्या गोलावरनं सरकत जाते, आणि जवळची वस्तू लांबच्या डोंगरापुढनं सरकते. एक डोळा मिटून अंगठा धरा आणि मग दुसरा मिटा, अंगठा हलतो ना, तेच. लांबचे डोंगर सरकत नाहीत, दोन-तीन मीटरवरचा दगड आणि पोरगा सरकतो. फिरायचं ते लेन्सभोवती, आपल्याभोवती नाही. ट्रायपॉडवर हे सोपं पडतं, पण जवळपास काही नसेल तर हातात धरूनपण चालतं, मी निम्मे असेच काढलेत.

किती फोटो तर १८ वर उभा धरला की एका फोटोत साधारण ४५ अंश येतात. शेजारच्या दोन फोटोंत तिसरा हिस्सा तरी सामाईक पाहिजे, म्हणजे दर ३० अंशाला एक असे १२ फोटो, घड्याळाच्या आकड्यांसारखे. जोडायला हगिन वापरा, फुकट आहे, कॉम्प्युटरवर चालतं, शाळेच्या लॅबमध्येसुद्धा चालेल.

एक गोष्ट करू नका, पोलरायझर फिल्टर लावू नका. एकट्या फोटोत आभाळ गडद निळं करतो म्हणून मोह होतो, पण तो सूर्यापासनं काटकोनातलं आभाळच जास्त गडद करतो, त्यामुळं गोल फिरल्यावर आभाळात दोन काळे डाग दिसतात आणि ते कशानंच जात नाहीत. मी वासोट्यावर ही चूक केलीय. नागेश्वराच्या बाजूचं आभाळ इतकं काळवंडलं की अख्खा पॅनोरामा टाकून द्यावा लागला, आणि तिथं परत जायचं म्हणजे वनखात्याची परवानगी, बामणोलीहून बोट, सगळं पहिल्यापासनं.


गाईडताई_कराड:

वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय, पण सर, पोरांना तीस-तीस अंश नका सांगू. होकायंत्राच्या सोळा दिशा त्यांना पाठ असतात ना, स्काऊटच्या सोपान परीक्षेला विचारतातच. मग सोळा फोटो काढा की. उत्तर, उत्तर-ईशान्य, ईशान्य, पूर्व-ईशान्य असं म्हणत म्हणत जायचं. दर साडेबावीस अंशाला एक फोटो, जोडायला निम्मा भाग सामाईक मिळतो, एखादा हलला तरी काम अडत नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे प्रत्येक फोटोला आपोआप नाव मिळतं. घरी आल्यावर हा डोंगर कुठला म्हणून डोकं खाजवायला नको, सातवा फोटो म्हणजे आग्नेय, नकाशावर पट्टी ठेवली की कळतंय.

मी बरीच वर्षं मुलींचं गाईड पथक चालवलं, आता निवृत्त आहे. आमच्याकडं कॅमेरा नव्हताच, मोबाईलच, आणि त्यावर आम्ही पॅनोरामा मोड कधीच वापरला नाही, साधेच फोटो उभे धरून सुटे सुटे काढायचे आणि नंतर जोडायचे. स्क्रीनवर लांबच्या डोंगरावर बोट दाबून धरलं की बऱ्याच मोबाईलमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, तेवढं करायचं. एचडीआर (उजेड आपोआप सावरणारी सोय) बंद.

ट्रायपॉडचं म्हणाल तर स्काऊटकडं लाठ्या असताना दीड किलो कशाला वाहायचं. तीन लाठ्यांना दोरीनं आठच्या आकड्याचं लॅशिंग, म्हणजे बांधणी, घालून तिपाई करायची, पोरांचा तेवढाच सराव. वर स्टीलची ताटली पालथी बांधायची, ताटलीच्या कडेला मार्करनं सोळा खुणा, मधोमध लाकडाचा ठोकळा खाच पाडलेला, त्या खाचेत मोबाईल उभा. ठोकळा एकेक खूण फिरवायचा. ठोकळ्याला खालनं खडबडीत रबर चिकटवा, नाहीतर ताटलीवर घसरतो, आमचा पहिल्या वर्षी घसरला आणि मोबाईल एका मुलीनं वरच्या वर झेलला.

ते पण नको असेल तर ओळंबा. गवंडी वापरतात तो, तीच युक्ती. मोबाईलच्या कव्हरला दोरा बांधायचा, दोऱ्याला खाली छोटा दगड, जमिनीवर खडूनं फुली. फिरताना दगड फुलीवरनं ढळू द्यायचा नाही. हात आपोआप जागेवर राहतो आणि माणूस मोबाईलभोवती फिरतो. एका मुलीनं मोबाईल धरायचा, दुसरीनं खाली बसून फुलीकडं बघायचं आणि ढळलं की ओरडायचं. पाणसळ पाहिजे असेल तर पाण्याची बाटली अर्धी भरून आडवी धरा, पाण्याच्या रेषेवरनं क्षितिज बघा, कॅमेरा सरळ आहे का लगेच कळतं.

होकायंत्र मात्र मोबाईलजवळ आणायचं नाही. मोबाईलच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, काटा फिरतो. दिशा बघणारी मुलगी दोन पावलं लांब उभी करा आणि तिनं नाव पुकारायचं. कातळावरपण टेकवू नका, आपल्या बसाल्टमध्ये लोह असतंय, हातात छातीशी धरायचं.


आप्पा_मेणवली:

मी फोटोवाला नाही पण ह्या डोंगरात जन्म गेला माझा, म्हणून उजेडाचं सांगतो.

डिसेंबरात खोऱ्यात पहाटे गार हवा खाली बसते आणि सगळा धूर, धुकं तिच्याबरोबर खालीच दबून राहतं. ह्या दिवसात ऊसतोड चालू, पाचट पेटवलेलं असतं, गुऱ्हाळं चालू, वाईपासनं खाली सगळं पांढरं दिसतं पण गडाच्या माथ्यावर हवा आरशासारखी. नऊ-साडेनऊला ऊन तापलं की तो थर वर यायला लागतो आणि अकराला लांबचं सगळं पुसून जातं. म्हणून आठ ते साडेआठ, त्यानंतर नाही. दुपारी उजेड सारखा मिळेल पण पुरंदर-सिंहगड मिळणार नाहीत. खरं म्हणजे परतीचा पाऊस सरल्यावर चार दिवसांची हवा सगळ्यात चांगली, पण तेव्हा शाळेच्या परीक्षा. फेब्रुवारीनंतर तर जाऊच नका, वणव्यानं सगळं काळं पडलेलं असतं.

आणि सूर्य डिसेंबरात बरोबर पूर्वेला उगवत नाही, पूर्व-आग्नेयेला उगवतो. म्हणजे तुम्हाला पांडवगड, वैराटगड, वाईकडची बाजू सूर्यासमोर येणार, तिकडचे डोंगर नुसते काळे आकार दिसणार. रायरेश्वर, कमळगड, महाबळेश्वरची बाजू मात्र ऊन अंगावर घेऊन उजळलेली मिळेल. मला विचाराल तर हे चांगलंच आहे, एका बाजूला सावलीतले आणि एका बाजूला उन्हातले, गडावर उभं राहिल्यावर डोळ्याला दिसतं पण तसंच.

काय काय दिसतं ते लिहून ठेवा. दक्षिणेला धोमचं पाणी. नैऋत्येला कमळगड, त्याच्या एका अंगाला वाळकीचं खोरं, पलीकडच्या अंगाला कृष्णेचं, आणि त्याच्याही मागं महाबळेश्वर. पश्चिमेच्या बाजूला रायरेश्वराचं लांबलचक पठार. उत्तर-वायव्येला राजगड आणि तोरणा. सरळ उत्तरेला सिंहगड, हवा चांगली असली तर वरचा टीव्हीचा मनोरा काडीसारखा दिसतो, तीच त्याची ओळख. ईशान्येला पुरंदर आणि त्याला चिकटून वज्रगड, जोडीनं. पूर्वेला मांढरदेव. आग्नेयेला वैराटगड.


खाकी_स्कार्फ:

काय बोलू, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सोळा दिशांचं पोरांना सांगितलं तर आजच शाळेच्या मैदानावर रंगीत तालीम झाली, होकायंत्र घेऊन एकजण पुकारतोय, दुसरा ओळंबा बघतोय. एक शंका, साडेआठला सूर्य फोटोतच येणार, त्याचं काय करायचं? आणि पोरांचा ग्रुप फोटो त्याच पॅनोरामात पाहिजे, तो कसा?


सह्यभटका_सातारा:

सूर्य असलेली दिशा दोनदा काढा. एकदा तशीच, आणि एकदा कुणीतरी हात किंवा टोपी अशी धरायची की सूर्य झाकला जाईल पण डोंगर झाकला जाणार नाही. दुसऱ्या फोटोत लेन्सवर येणारे ते गोल गोल ठिपके येत नाहीत. जोडताना खालचा डोंगर दुसऱ्यातला घ्या, आभाळ पहिल्यातलं. सकाळचा उजेड भराभर बदलतो म्हणून सोळाच्या सोळा दोन मिनिटांच्या आत झाले पाहिजेत, मधे थांबून स्क्रीनवर बघत बसायचं नाही, सगळे झाल्यावर बघा आणि लगेच अख्खी फेरी परत काढा. मी तीन फेऱ्या काढतो.

पोरं सगळीच्या सगळी एकाच दिशेच्या फोटोत मधोमध उभी करा, दाटीवाटीनं, आणि कॅमेऱ्यापासनं निदान सात-आठ मीटर लांब. शेजारच्या फोटोच्या वेळी ती त्याच जागेवर थांबली पाहिजेत. म्हणजे जोडाची शिवण त्यांच्या अंगावरनं जाणार नाही.


डोंगरवाट_शिराळा:

मी सांगलीकडचा, दंडोबावर आणि सागरेश्वरला पोरं घेऊन जात असतो, तिथं फार धोका नसतो, पण केंजळगडाला चारी बाजूनं सरळ कातळकडे आहेत म्हणून हे लिहितोय, फोटोपेक्षा हे आधी वाचा.

कॅमेऱ्यातनं बघणाऱ्या माणसाला पायाखालचं दिसत नाही आणि तो नेहमी मागंच सरकतो. चांगला फोटो पाहिजे म्हणून एकेक पाऊल मागं, एकेक पाऊल. मी माझ्यासमोर एक मोठा माणूस असा घसरलेला बघितलाय, झुडपात अडकला म्हणून वाचला. म्हणून नियम एकच करा, फोटो काढणाऱ्याची जागा आधी ठरवायची, कड्यापासनं दहा पावलं आत, भोवती दगडांचा गोल मांडायचा, आणि कॅमेरा डोळ्याला असेपर्यंत पाय गोलाबाहेर काढायचा नाही. त्याच्या पाठीला एक जोडीदार हात लावून उभा. ग्रुप फोटोच्या पोरांची पाठ कड्याकडं नको, कड्यापासनं लांब, माथ्याच्या मधल्या सपाटीवर उभी करा, मागं डोंगर दिसतातच की. गवत वाळलेलं असतं, बुटाखाली साबणासारखं घसरतं.

आणि कड्याला आग्या मोहोळ असतात. वर चूल नाही, धूर नाही, अत्तर-डिओ लावून आलेला पोरगा नाही.

एवढं करून फोटो जरा कमी चांगला आला तरी चालेल.


गाईडताई_कराड:

ह्यांचं म्हणणं अगदी बरोबर. दगडांच्या गोलाची गोष्ट मला आधी सुचली असती तर बरं झालं असतं. फुलीच्या भोवतीच तो गोल मांडायचा, पुढच्या पोरांना पण सवय लागते.


छपाईवाला_विटा:

फ्लेक्सबद्दल बोलतो, माझा रोजचा धंदा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून छोटा होतो, तिथंच तुमचा फोटो गेला. पेनड्राईव्हमध्ये मूळ फाईल घेऊन जा, पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तुमच्या १८ च्या लेन्सवर २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर गोल पूर्ण होईपर्यंत रुंदी २८-२९ हजार पिक्सेलच्या घरात जाते. दहा फूट रुंद काढला तरी इंचाला २४० पिक्सेलच्या आसपास पडतात, म्हणजे नाक लावून बघितला तरी फाटणार नाही. उंची दीड फुटाच्या वर मिळेल. कॅमेरा कमी मेगापिक्सेलचा असेल तरी सात-आठ फुटाला काही अडचण नाही. फक्त फ्लेक्सवर नका काढू, उन्हानं उडतो आणि बारीक रेषा त्यावर येत नाहीत. फोटो पेपरवर काढून सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड) चिकटवून घ्या, वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी नको, व्हरांड्यात उजेडाची चमक मारते.

आणि गडांची नावं फोटोत छापू नका. चूक झाली तर अख्खा बोर्ड परत. नावं वेगळ्या चिठ्ठ्यांवर लावा.


खाकी_स्कार्फ:

मंडळी, जाऊन आलो. ट्रायपॉड नेला नाही.

पहाटे साडेपाचला वाडीतनं निघालो, बॅटरीच्या उजेडात पायऱ्यांपर्यंत, पायऱ्या मात्र फटफटल्यावरच चढलो. पावणेसातला वर. आप्पा तुम्ही म्हणला होता तसंच, खाली वाईच्या बाजूला नुसतं दुधाचं पातेलं उतू गेल्यासारखं पांढरं आणि वर हवा कोरडी स्वच्छ. सूर्य उगवला तेव्हा होकायंत्रवाल्या पोरानं स्वतःहून दिशा बघितली आणि ओरडला, सर खरंच पूर्व-आग्नेय. पुस्तकात पूर्व वाचलेलं त्याचा त्यानंच तपासलं, मला फार बरं वाटलं.

चुन्याच्या घाण्याच्या अलीकडं सपाटीवर जागा धरली, दगडांचा गोल मांडला, मधे लाठ्यांची तिपाई. ताटली वाऱ्यानं थरथरत होती म्हणून तिपाईच्या मधे पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक लटकवली, मग स्थिर झाली. पहिली फेरी मोबाईलवर. ठोकळा फिरवणारा एक, पुकारणारा एक, घड्याळ बघणारा एक, वहीत लिहिणारा एक, कोणत्या फोटोत काय. ती फेरी पावणेतीन मिनिटं झाली. मग डीएसएलआर हातात धरून ओळंब्यानं, ह्यात टोळीनायकाचा हात बसला होता, दुसऱ्या फेरीला पावणेदोन मिनिटं, तिसरीला त्याहून कमी. प्रत्येक टोळीला एक फेरी मिळाली. शेवटची फेरी चालू असताना दक्षिण-नैऋत्येला एक ढग आला आणि कमळगडाच्या अर्ध्या अंगावर सावली पडली, म्हणून तिसरी फेरी जोडताना टाकून दिली.

हगिनला जोडायला पोरांनीच बसवलं. पहिल्यांदा धोमचं पाणी जरासं कललेलं आलं, मग त्यात पाण्याच्या काठावर आडवी रेषा द्यायची सोय आहे ती दिली आणि सपाट झालं. आभाळाला एकही पट्टा नाही. रायरेश्वराची कड सलग आलीय. पोरं पश्चिमेच्या फोटोत उभी केली होती, कॅमेऱ्याजवळची सोडून बाकी सगळी, सगळ्यांचे दोन हात दोन पाय जागेवर.

फोटो परवा व्हरांड्यात लागला. आठ फूट. त्याआधी तो पोरगा मूळ फाईलमधला दक्षिणेचा तुकडा वेगळा छापून घरी घेऊन गेला. आजीनं बराच वेळ नुसतं पाणी बघितलं म्हणे, मग काठावरची एक टेकडी ओळखली आणि तिथनं बोट आत सरकवत नेलं, इथं देऊळ, इथं विहीर, इथं आमचा वाडा, असं करत. पोरानं त्या जागी पेन्सिलनं खुणा करून घेतल्यात. आता त्याच्या टोळीला बाकीच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण विचारायचंय.

एक फोटो इथं जोडतोय, चिठ्ठ्यांसकट. चुकलं असेल तर सांगा.


सह्यभटका_सातारा:

सर, झूम करून करून बघितला. सिंहगडावरचा मनोरा खरंच दिसतोय, काडीच्या टोकाएवढा. सूर्याची दिशा एवढी स्वच्छ मला स्वतःला कधी जमलेली नाही, टोपी कुणी धरली होती त्याला माझ्याकडनं शाब्बास सांगा. आणि ते पाण्याखालच्या गावाच्या खुणांचं काम अर्धवट सोडू नका.


आप्पा_मेणवली:

फोटो लय झ्याक झालाय. पांडवगड काळा आलाय तो तर मला फार आवडला, पहाटे गुरं घेऊन जाताना तो तसाच दिसायचा.

पण एक चिठ्ठी उलटी लागलीय. उत्तर-वायव्येला तुम्ही डाव्या हाताला राजगड लिहिलाय आणि उजव्या हाताला तोरणा. केंजळवरनं बघताना तोरणा डावीकडं पडतो, तो जास्त पश्चिमेला आहे, राजगड उजवीकडं. नीट बघा, उजवीकडच्याला मधेच डोक्यावर अजून एक टेकाड ठेवल्यासारखं दिसतंय ना, तो राजगडाचा बालेकिल्ला.


खाकी_स्कार्फ:

आप्पा, बरोबर. पोरांच्या वहीत पण उत्तर-वायव्य एवढंच आहे, डावं-उजवं लिहायचं राहिलं होतं. नकाशावर पट्टी ठेवून बघितलं, तुम्ही म्हणताय तसंच. मधल्या सुट्टीत दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, ज्यानं लावल्या होत्या त्यानंच अदलाबदल करून लावल्या. आता मांढरदेव आणि पुरंदरच्या मधली तीन टोकं बिननावाची राहिलीत, त्यांचा उभा तुकडा मोठा करून उद्या इथं टाकतो, ओळखा.